संशोधनपर निबंधाची प्रस्तावना व आधारनिर्देश

संशोधनपर निबंध लिहावयास बसले की पुष्कळांची लेखणी पहिल्याच परिच्छेदात अडखळते. मग ‘फार प्राचीन काळापासून’ असा मोघम आरंभ होतो आणि कोठेतरी वाचलेली वाक्ये स्वतःची म्हणून उतरविली जातात. वस्तुतः प्रस्तावनेने तीनच गोष्टी सांगावयाच्या असतात : या विषयात पूर्वी कोणी काय सांगितले, कोणता प्रश्न उरला आणि प्रस्तुत लेखक काय करणार.

‘मराठीतील आद्य शिलालेख’ हा विषय उदाहरणादाखल घेऊ. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेला लेख सन ९८३ चा व म्हणून पहिला, असे अनेक पुस्तकांत छापले गेले. परंतु त्या लेखावर काळ कोरलेलाच नाही. मूर्तीच्या स्थापनेवरून तो अनुमानिलेला आहे. शिवाय तेथील मराठी मजकुरात चावुंडराजाबरोबर गंगराजाचेही नाव येते, आणि गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातील पुरुष! एका पुस्तकावरून दुसऱ्याने व दुसऱ्यावरून तिसऱ्याने आधार न देता वर्ष उतरविले, की अनुमानालाच सिद्धान्ताचे रूप येते.

अफझलपूर तालुक्यातून वाहणारी आपली भीमा वरच्या अंगास, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग-कुडल येथे सीनेस मिळते. त्या संगमावरील मंदिरातील मराठी लेख सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी प्रकाशात आणला. त्यात शके ९४० हा काळ दिलेला आहे. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन १०१८ येतो. कुलाब्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, आक्षीचा लेख शके ९३४ चा मानला जातो. मात्र त्या अंकांच्या वाचनाविषयी मतभेद आहेत.

आता प्रस्तावना कशी होईल? ‘श्रवणबेळगोळचा लेख पुष्कळ काळ आद्य मानला गेला, तथापि त्यावर काळ नाही. आक्षीच्या लेखाचे वाचन वादग्रस्त आहे. कुडलचा लेख कालनिर्देशयुक्त आहे. या तिन्ही लेखांच्या काळाचे पुरावे प्रस्तुत निबंधात तपासले आहेत.’ वाक्ये चारच. परंतु पूर्वपक्ष, उणीव आणि हेतू ही सर्व त्यांत आली. आता यांतील प्रत्येक विधानाखाली त्याचा आधार दिला पाहिजे.

आधार देताना ग्रंथकाराचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशनस्थळ, वर्ष व पृष्ठ नोंदवावे. उदाहरणार्थ, शं. गो. तुळपुळे, प्राचीन मराठी कोरीव लेख, पुणे, १९६३. आणि त्यापुढे आपण प्रत्यक्ष वाचलेले पृष्ठ. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतल्यास अवतरणचिन्हे द्यावीत. विचार घेऊन भाषा आपली वापरली, तरीही नामनिर्देश चुकवू नये. शब्द बदलल्याने ऋण फिटत नाही. मूळ ग्रंथ न पाहता त्यातील मत दुसऱ्या पुस्तकातून घेतले असेल, तर त्या दुसऱ्या पुस्तकाचेच नाव प्रामाणिकपणे सांगावे. गावातील वृद्धाने माहिती दिली असल्यास त्याच्या अनुमतीने नाव, गाव व दिनांक टिपून ठेवावा. आणि या साऱ्या नोंदी वाचतानाच वहीत कराव्यात. निबंध संपल्यावर पृष्ठे शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? आधार दिल्याने वाचकाला आपले विधान स्वतः पारखता येते. आपण चुकलो असलो, तर ती चूक त्याला सापडते व पुढे पसरत नाही. कुडलच्या लेखाने आपला शक स्वतःच सांगितला, म्हणून सहस्र वर्षांनंतरही त्याची साक्ष ग्राह्य ठरते. आपल्या लिखाणानेही तितकीच स्पष्ट साक्ष द्यावी.