संकटाची रंगीत तालीम

‘तालीम’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे सराव. नाटकाच्या प्रयोगापूर्वी पोशाखासह जो शेवटचा सराव करतात, त्याला ‘रंगीत तालीम’ म्हणतात. संकटाचीही अशी तालीम करता येते.

या शिक्षणाशी आपल्या नागपूरचे जुने नाते आहे. १९५७ साली येथे आपत्काळात मदत कशी करावी हे शिकवणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. पुढे तिचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. रामपूर येथे १९५६ साली निघालेले राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही दुसऱ्याच वर्षी नागपूरला आले. अशा प्रशिक्षणात संकटाचा प्रसंग मुद्दाम उभा करतात आणि काम प्रत्यक्ष करून शिकवतात.

समजा, तुमच्या शाळेत अशी तालीम आहे. प्रयोगशाळेला आग लागली, असे मानायचे. घंटा सतत वाजू लागते. मुले दप्तरे तेथेच ठेवतात. कोणी धावत नाही, कोणी ढकलत नाही. रांगेने जिना उतरून सर्वजण मैदानात येतात. वर्गशिक्षक हजेरी घेतात. नववीची ४५ मुले सकाळी हजर होती. मैदानात ४४ आहेत. एकजण कोठे आहे? तो पाणी पिऊन वर्गात परतला आणि सगळे कोठे गेले म्हणून तेथेच थांबला!

तालमीत यावर सगळे हसतील. खऱ्या आगीत मात्र अशी चूक जिवावर बेतते. हजेरी घेतली नसती, तर तो राहिल्याचे कोणालाच कळले नसते. याउलट, एखादा मुलगा न सांगता घरी गेला असेल, तर त्याला शोधण्यासाठी अग्निशामक जवान उगाच धुरात शिरतील. म्हणून हजेरी खरी हवी. ती दोघांचेही प्राण वाचवते.

तालमीत आणखी एक विचार करावा लागतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि वस्त्यांत पाणी शिरले. त्या वेळी मूकबधिर विद्यालयातील मुलांनाही सुरक्षित बाहेर काढावे लागले. ज्याला घंटा ऐकू येत नाही, त्याला इशारा कोण देणार? ज्याला चालता येत नाही, त्याला कोण उचलणार? ही नावे आधीच ठरलेली हवीत.

संकट सांगून येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. चुका करायच्याच असतील, तर त्या तालमीत कराव्यात.

शब्दार्थ
आपत्काळ – संकटाची वेळ
अग्निशामक – आग विझवणारा
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे
ओसंडणे – भरून बाहेर वाहणे

स्वाध्याय
१. मैदानात हजेरी का घेतात? दोन कारणे लिहा.
२. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ या म्हणीचा अर्थ सांगा.
३. तुमच्या वर्गातून मैदानात जाण्याच्या वाटेचा नकाशा काढा.