एसपीएफ ५० लावूनही वांग

सनस्क्रीन लावूनही गालावरचे वांगाचे डाग गडद होत असतील, तर ट्यूबवरचा आकडा नक्की काय मोजतो ते आधी समजून घ्या. एसपीएफ मोजतो तो त्वचेची लाली, म्हणजे मुख्यतः यूव्हीबी किरणांचा चटका. माझी कातडी गव्हाळ. उन्हात ती लाल क्वचितच होते, काळवंडते मात्र लगेच. एसपीएफ ५० मी नेमाने लावत होते. लाली आली नाही. डाग मात्र गालांवरून ओठांवर उतरले.

यूव्हीबी साध्या काचेला अडतात. यूव्हीए, म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटरचे किरण, बऱ्याच प्रमाणात आरपार येतात आणि माझं टेबल खिडकीशीच होतं. यूव्हीएसाठी ‘पीए’पुढची अधिकची चिन्हं बघायची. एवढं तर बहुतेक जण सांगतात. डॉक्टरांकडे गेल्यावर मला कळलं ते त्यापलीकडचं: डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही सावळ्या त्वचेला काळवंडतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दृश्य प्रकाशाने सावळ्या त्वचेवर उमटलेला डाग यूव्हीएच्या डागापेक्षा गडद आणि टिकाऊ निघाला. गोऱ्या त्वचेवर तो उमटलाच नाही.

आता विचार करा, जे क्रीम चेहऱ्यावर दिसतच नाही, ते दिसणारा प्रकाश अडवणार कसं? त्यासाठी रंग लागतो. टिंटेड सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड असतं. गेरूला लाल रंग येतो तो त्याच्याच एका प्रकारामुळे. (म्हणून घरचा गेरू फासू नका.) मोबाइलच्या उजेडाची धास्ती नको, उन्हापुढे तो नगण्य आहे.

लालीचा धडा वेगळा. वांगावर म्हणून मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता दिलेल्या ट्यूबमध्ये मोमेटासोन होतं, म्हणजे स्टिरॉइड. सुरुवातीला चेहरा उजळला, मग लालबुंद झाला आणि उन्हात पाऊल टाकलं की चुरचुरायचा. अशी ट्यूब बराच काळ वापरली असेल तर एकदम बंदही करू नका, लाली उसळते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवूनच सोडा. आणि लिंबू चोळून उन्हात जाणं तर अजिबात नको.

टिंटेड ट्यूब घेताना दुकानाबाहेर येऊन जबड्याच्या कडेला लावून बघा. आतल्या दिव्यांखाली जुळलेला रंग बाहेर बऱ्याचदा राखाडी दिसतो, आणि मग ती ट्यूब कपाटातच पडून राहते.