पाच जुलैची बैठक : चरणजीत सिंग यांनी शिकवलेले सहा धडे

पाच जुलै हा दिवस आम्ही पाच-सहा जण दरवर्षी एका रीतीनं पाळतो. सगळे की-बोर्डवाले, कुणी ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेलं, कुणी स्टुडिओत, कुणी माझ्यासारखं आता मुलांना शिकवणारं. त्या दिवशी पहाटे ज्यानं त्यानं आपापल्या घरी ललत लावायचा. सूर्य वर आला की भैरव आणि बैरागी. चहा-आंघोळ आटोपून तोडी. दुपार कलताना मधुवंती. संध्याकाळी कामं उरकून सगळे डोंबिवलीला माझ्याकडे जमतात. मग यमन, भूप, कलावती आणि रात्र चढली की मालकंस. मेघ मल्हारला आम्ही वेळ ठरवलेली नाही. दिवसभरात जी जोराची सर येईल, तिच्याबरोबर तो वाजतो.

हे दहाही राग एकाच तबकडीवरचे आहेत. एकाच माणसानं ते सिंथेसायझर आणि रिदम मशीनवर वाजवलेत. त्यांचं नाव चरणजीत सिंग. ५ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, ते मुंबईत गेले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही त्यांची तबकडी १९८२ ची.

मी ती पहिल्यांदा ऐकली २०११ साली. क्लासमधल्या एका मुलानं मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, “सर, हे ऐका.” मला वाटलं, युरोपातल्या कुठल्या तरी पोरानं कालपरवा केलेलं काम असणार. “सर, हे १९८२ चं आहे. आपल्या मुंबईतलं.” त्या दिवशी मी पुढचा तास घेतला नाही. आम्ही सगळे तेच ऐकत बसलो. तेव्हापासून आजवर या तबकडीनं मला जे शिकवलं, ते इथे मांडतो आहे.

१. यंत्र दुकानात मिळतं, कान मिळत नाही

चरणजीतजींनी ही यंत्रं सिंगापूरहून आणली होती. तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे रिदम मशीन आणि टीबी-३०३ ही बेसची छोटी पेटी.

यातली टीबी-३०३ ची कथा ऐकण्यासारखी आहे. घरी एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून ती बनवली होती. पण तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा येईना आणि तिच्यात सुरावट भरणंही किचकट. आधी नुसते सूर भरायचे, मग दुसऱ्या खटक्यावर जाऊन त्यांची लय वेगळी भरायची. गिऱ्हाइकं वैतागली. साधारण दहा हजार नग बनवून १९८४ मध्ये कंपनीनं ती बंद केली.

जगाला जी पेटी नापास वाटली, तिच्यात चरणजीतजींनी वेगळं काही ऐकलं. ते स्वतः बेस गिटार वाजवत. खऱ्या बेसचा आवाज त्यांच्या बोटांत होताच, तो पेटीकडे मागायची त्यांना गरज नव्हती. या पेटीचा चिवट, घुमणारा, पुन्हा पुन्हा त्याच सुरांशी परतणारा आवाज रागाखाली सतत ठेवता येईल, तानपुरा ठेवावा तसा, हे त्यांना उमगलं. आज माझ्याकडे येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, “सर, कुठलं मॉडेल घेऊ?” मी सांगतो, आहे त्याच्यावर सहा महिने बस. त्याच्या पोटात काय आहे ते ऐक. मग दुकानात जा.

२. दोन पट्ट्यांच्या मधली जागा हीच खरी जागा

हा धडा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

की-बोर्डवर राग वाजवायला बसलं की पहिली अडचण येते ती मींडेची. गळा, सारंगी, सतार एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. पट्टीचं वाद्य उडी मारतं. याच दोषावर बोट ठेवून १९४० मध्ये रेडिओवर हार्मोनिअमला बंदी झाली आणि ती उठायला १९७१ उजाडलं. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी भात्यावरच्या हुकमतीनं आणि बोटांच्या कसबानं पेटी गायला लावली, तरीही वाद्याची मर्यादा ती मर्यादाच.

तरुणपणी मी एका वयोवृद्ध पेटीवादकांकडे शिकायला जात असे. एकदा की-बोर्डवर त्यांना भैरव वाजवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “रिषभ बरोबर लागलाय रे, पण तो उभा आहे. भैरवचा रिषभ झुलतो.” मी गप्प झालो. त्या दिवसापासून मनाशी धरून बसलो की यंत्रावर राग होत नाही.

चरणजीतजींचा भैरव ऐकला आणि तीस वर्षांची ती समजूत गळून पडली. ज्युपिटर-८ मध्ये सुराची घसरण लहानमोठी करणारा एक खटका आहे. ती चालू केली की षड्जावरून धैवतावर जाताना आवाज उडी मारत नाही, वाटेतल्या सगळ्या जागांवरून सरकत जातो. डाव्या हाताशी एक छोटी दांडी असते, तिनं सूर हलकासा वाकवता येतो. सोय एवढीच. पण खटका जरा जास्त फिरवला तर सूर उशिरा पोचतो आणि सगळं चिकट होतं. कमी फिरवला तर पुन्हा उडी. काटा नेमका कुठे ठेवायचा, हे कंपनीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं नसतं. ते राग सांगतो, आणि राग ज्याच्या कानात मुरलेला आहे त्यालाच ते ऐकू येतं.

टीबी-३०३ मध्येही हीच गंमत. तिच्यात प्रत्येक सुराला वेगळं सांगता येतं की हा सूर पुढच्यात सरकत जाऊ दे किंवा तोडून वाजू दे. जपानी अभियंत्यानं ही सोय बेस गिटारवरच्या बोटाच्या घसरणीसाठी केली असेल. मुंबईच्या वादकाच्या कानाला ती मींड म्हणून ऐकू आली.

माझे पेटीचे गुरुजी आज नाहीत. पण पाच जुलैला सकाळी भैरव लागतो तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना म्हणतो, बघा गुरुजी, झुलतोय.

३. पोटासाठी वाजवलेलं वाया जात नाही

चरणजीत सिंग हे नाव तेव्हा श्रोत्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांचं वाजवणं घराघरांत पोचलेलं होतं. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे ते रेकॉर्डिंगला वाजवत. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या ‘दम मारो दम’ला जो नशिला, लांबत जाणारा आवाज आहे, तो ट्रान्झिकॉर्डचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियनचा, आणि वाजवणारे चरणजीतजी. याशिवाय त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नसमारंभांतही ते वाजवत आणि फिल्मी गाण्यांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्याही त्यांनी काढल्या.

मीही पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या घेतल्या. गणपती, नवरात्र, लग्नं, हळदी. गायिकेनं ऐन वेळी पट्टी बदलली की क्षणात काळी दोनवरून काळी चारवर जायचं. लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत ढोलकीवाल्यानं सांभाळायचं आणि आम्ही टाळ्या धरायच्या. कित्येक वर्षं मला वाटे, हे सगळं करण्यात संगीत राहून गेलं. आता तसं वाटत नाही. रोज वेगळी पट्टी, वेगळा ठेका, वेगळा अरेंजर यांतून जी तयारी होते तिला दुसरा पर्याय नाही. दहा राग दोन दिवसांत ध्वनिमुद्रित करून मोकळं होणं चरणजीतजींना जमलं, कारण त्यामागे वीस वर्षांची रोजची हजेरी होती.

४. तबला बाजूला ठेवायचा तर तबला आधी कळला पाहिजे

१९८० ला ‘कुर्बानी’ आला, पाठोपाठ नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’ तबकडी आली, आणि देशभर डिस्कोची लाट उसळली. चरणजीतजींनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं होतं की चित्रपटांत तेव्हा डिस्कोच डिस्को होता, म्हणून त्यांना वाटलं, तबला बंद करावा आणि रागांना डिस्कोचा ठेका द्यावा. सांगायला एक वाक्य, करायला मोठं धाडस.

टीआर-८०८ वर ओळीनं सोळा बटणं असतात. त्यांतली हवी ती दाबून ठेका बांधायचा. सोळा! आपल्या तीनतालाच्याही सोळाच मात्रा. पण यंत्राला सम कळत नाही, खाली कळत नाही. त्याला सोळाही घरं सारखीच. मग समेवर येण्याची जबाबदारी वाजवणाऱ्याच्या बोटांवर येते. या तबकडीत ठेका एका जागी ठाम, न दमता, न थबकता चालत राहतो आणि आलाप-तानांसारखी सुरावट त्याच्यावर मोकळी हिंडून नेमकी परत येते. परंपरा मोडली असं कुणी म्हणालं तर मी त्याला मालकंस ऐकवतो. रिषभ-पंचम वर्ज्य, वळणं जिथल्या तिथे. कपडे नवे आहेत, चालण्याची ढब घरचीच.

५. आज खपलं नाही म्हणजे संपलं असं नाही

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं काढलेली ही तबकडी बाजारात फारशी चालली नाही. चरणजीतजी पुन्हा आपल्या कामाला लागले. वीस वर्षं तिची कुणी आठवणही काढली नाही. मग २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात ती सापडली. ऐकून तो चक्रावला. त्यानं मुंबईत येऊन चरणजीतजींना शोधून काढलं आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या कंपनीतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली.

चक्रावण्याचं कारण असं. शिकागोच्या फ्यूचर या गटानं १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं. तेही याच टीबी-३०३ वर, तिचे खटके वाजता वाजता पिळून. तिथून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार जगभर पसरला. आणि इथे त्याच्या पाच वर्षं आधी, तसाच भासणारा आवाज, मुंबईत!

मग ‘पहिला कोण’ यावर वाद झडले. आमच्या बैठकीतही झडले. आता आम्ही तो विषय काढत नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती आणि चरणजीतजींना क्लबात नाचणारी पिढी ठाऊक नव्हती. दोघांनी आपापल्या गावात, आपापल्या गरजेतून, एका टाकाऊ ठरलेल्या पेटीत जीव ओतला. दोघांचाही मान मोठा आहे. चरणजीतजींना शोधकाचा मुकुट घालायची गरज नाही. त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणीच केलं नाही, एवढं पुरेसं आहे. सत्तरी ओलांडलेल्या त्यांना युरोपातल्या मंचांवर बोलावलं गेलं आणि तिथल्या तरुण पोरांसमोर त्यांनी हेच राग वाजवले, याचा आनंद मला कुठल्याही मुकुटापेक्षा जास्त आहे.

६. श्रद्धांजली वाहण्याआधी भेटायला जा

२०११ ते २०१५. चार वर्षं मी आणि ते एकाच लोकलच्या जाळ्यात राहत होतो. भेटायचं, पाया पडायचं, तो खटका नेमका कुठे ठेवला होता ते विचारायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं. गणपती झाले की जाऊ, सुपाऱ्यांचा हंगाम संपला की जाऊ. जुलै २०१५ मध्ये बातमी वाचली आणि तो प्रश्न माझ्याकडेच राहिला. ही खंत जात नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केर्सी लॉर्ड गेले. हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर रुजवणाऱ्या पहिल्या मोजक्या वादकांपैकी ते एक. त्या पिढीच्या वादकांची नावं तबकडीच्या वेष्टनावर सहसा छापली जात नसत. गायक, संगीतकार, गीतकार झाले की यादी संपे. गोव्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांना ठाऊक आहे, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या गाण्यातून ते अमर केलं. पण शेकडो वादकांना असा शिष्य मिळाला नाही.

म्हणून आमच्या बैठकीत तीन वर्षांपूर्वी एक भर घातली. पाच जुलैच्या आधीच्या रविवारी आम्ही एखाद्या जुन्या वादकाच्या घरी जातो. पहिल्या वर्षी एका अकॉर्डियनवादक काकांकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरत होते. मोबाइलवर जुनी गाणी लावली तशी त्यांनी एकेक जागा दाखवली : “हा तुकडा माझा. हा व्हायोलिनवाल्यांचा. इथे टेक तीनदा कापला.” आम्ही सगळं रेकॉर्ड केलं, वहीत तारीखवार उतरवलं. निघताना काकूंनी सांगितलं की एवढं ते वर्षभरात बोलले नव्हते.

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. बँडमधला क्लॅरिनेटवाला, नाटक कंपनीतला पेटीवाला, स्टुडिओत तीस वर्षं खुर्चीवर बसलेला वादक. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा. गाणं लावा, विचारा, लिहून ठेवा. आणि त्यांचं नाव पूर्ण लिहा.