ड्रोनचा पंखा आणि हातावरचे पोट

लग्नसराईत ड्रोन आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. निकाह असो, वलिमा असो की नव्या दुकानाचे उद्घाटन, फोटोग्राफरशी सौदा ठरवताना ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, "ड्रोन आहे ना?" आपल्यातील अनेक तरुणांनी स्टुडिओच्या जोडीला हा धंदा धरला आहे. मोबाईल दुरुस्त करणारे काही कारागीर आता ड्रोनही खोलू लागले आहेत. फवारणीचे मोठे ड्रोन तर खेड्यापाड्यांत पोहोचत आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना असे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, तेव्हा हे काम पुढेही वाढणार हे उघड आहे. धंदा शिकताना मात्र उडवण्याचे शिक्षण होते आणि उतरवण्याचे राहून जाते. बोटे कापली जातात ती बहुधा शेवटच्या पाच-सहा फुटांत.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाची हकीकत सांगतो. मैदानावर निकाहचा कार्यक्रम, मगरिबची वेळ उलटून गेलेली. ड्रोन वर असताना, जिथून तो उडवला होता त्या जागी मंडपवाल्याने खुर्च्या मांडल्या आणि पोरांची गर्दी जमली. बॅटरी संपत आल्याचा इशारा रिमोट देत होता. दुसरी मोकळी जागा शोधायला वेळ नव्हता, म्हणून त्याने हात वर केला आणि डोक्यावर आलेला ड्रोन खालून धरला. धरला तो तिरका. ड्रोनने झटका दिला, त्याने दुसरा हात पुढे केला, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा कापल्या गेल्या. शस्त्रक्रिया झाली, बोटे वाचली. पण तीन महिने हात पट्टीत होता. सगळा हंगाम गेला आणि घेतलेले बयाणे परत करावे लागले. मुलगा निष्काळजी नाही. भेटायला गेलो तेव्हा आम्ही विचारले, "असे कसे झाले?" तो म्हणाला, "चाचा, हातात आल्यावर मशीन आपोआप बंद होईल असं वाटलं."

सगळी गोम या समजुतीत आहे. ड्रोनला आपण पकडले गेलो आहोत हे कळत नाही. त्याच्या पोटातील यंत्रणा सेकंदाला शेकडो वेळा एकच गोष्ट तपासत असते, ती म्हणजे आपण सपाट आहोत की कललो आहोत. एक बाजू खाली गेली की त्या बाजूच्या मोटारी ती जोरात फिरवते, म्हणजे ती बाजू वर उचलली जाते. हवेत वाऱ्याचा धक्का बसला तर हाच गुण ड्रोनला सावरतो. पण आपण त्याला हातात धरतो तेव्हा मनगट थोडे तरी वाकतेच. यंत्रणेला वाटते की ड्रोन पडतो आहे, आणि ती पंखे अधिक वेगाने फिरवू लागते. आपण जितके ओढू तितका तो झगडतो. त्यात बहुतेक ड्रोनच्या पोटाखाली जमिनीचे अंतर मोजणारे डोळे असतात. खालून हात नेला की त्यांना जमीन एकदम जवळ आल्यासारखी वाटते आणि काही ड्रोन दचकल्यासारखे वर उसळतात. ही दोन कारणे लक्षात राहिली तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पंख्याच्या वेगाचा हिशेब कोणीही मांडू शकेल. ९ इंची पंख्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे ७२ सेंटीमीटर जाते. मिनिटाला ६,००० फेरे धरले तर सेकंदाला १०० फेरे होतात. म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला ७२ मीटर, ताशी जवळपास २६० किलोमीटर. पाती दोन असल्यामुळे एका सेकंदात बोटावर २०० घाव बसू शकतात. हात मागे घेण्याआधीच काम झालेले असते. प्लॅस्टिकचे पाते निदान वाकते किंवा तुटते. कार्बनचे पाते वाकत नाही आणि जखम खोल करते. नुसत्या दिखाव्यासाठी कार्बनचे पंखे बसवण्याचा शौक आम्हाला पटत नाही.

नावाजलेल्या माणसांनाही हे चुकलेले नाही. गायक एन्रिके इग्लेसियास याने मे २०१५ च्या अखेरीस मेक्सिकोतील टिहुआना शहरात कार्यक्रम चालू असताना मंचावर आलेला ड्रोन हाताने धरला. बोटे कापली गेली आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. प्रेक्षकांना वरून दृश्य दिसावे म्हणून ड्रोन धरण्याचा तो प्रकार त्याच्या कार्यक्रमात नेहमीचाच होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका घराच्या अंगणात ड्रोन झाडाला अडकून भरकटला आणि त्याच्या पंख्याने जेमतेम दीड वर्षाच्या मुलाचा डोळा गेला. चालवणारा त्या कुटुंबाचा स्नेही होता आणि नवशिकाही नव्हता.

आता उतरवण्याविषयी. उडवण्याआधीच उतरण्याची जागा पक्की करावी, आणि एक नव्हे तर दोन. पहिली जागा गर्दीने भरली तर दुसरी तयार हवी. तीन फुटांची घडीची चटई किंवा मोटारीतील रबरी पायपोस जमिनीवर पसरला की धूळ, गवत, फुलांच्या पाकळ्या पंख्यात येत नाहीत. चटईभोवती निदान दहा फुटांवर दोरी बांधावी. आमच्याकडे मुले ड्रोन खाली येताना पाहून धावत जवळ येतात, आणि ती येणार हे गृहीतच धरले पाहिजे. म्हणून चालवणाऱ्याबरोबर एक दुसरा माणूस हवा, ज्याचे काम आकाशाकडे पाहणे नसून जमिनीकडे पाहणे हे आहे. त्याने हात वर करून "थांब" म्हटले की ड्रोन वरच थांबला पाहिजे, मग नवरदेव घोड्यावरून उतरत असला तरी. घोड्याजवळ तर ड्रोन नेऊच नये. पंख्याच्या आवाजाने जनावर बुजते.

उतरवताना ड्रोनचे तोंड आपल्या विरुद्ध दिशेला ठेवावे. ते आपल्याकडे असले की डावे-उजवे उलटे होते आणि घाईत हमखास चूक होते. वारा आपल्या पाठीकडून यावा, म्हणजे ड्रोन सरकलाच तर आपल्यापासून दूर सरकेल. जमिनीला टेकल्यावर डावी स्टिक पूर्ण खाली दाबून धरावी, मोटारी थांबेपर्यंत सोडू नये. पंखे थांबलेले डोळ्यांनी दिसले की मगच जवळ जावे. संध्याकाळच्या उजेडात फिरता पंखा दिसतच नाही, म्हणून आवाज बंद झाला की नाही तेही ऐकावे. मग आधी ड्रोनचे बटण बंद करावे आणि नंतर रिमोटचे. हा क्रम उलटा करणारे आम्ही पाहिले आहेत.

आणि ड्रोन तिरका होऊन कोसळायला लागला तर? पडू द्यावा. तोंडाने हे सांगणे सोपे आहे. लाखाच्या घरातील वस्तू खाली येताना हात आपोआप पुढे जातो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून हाताला दुसरे काम द्यावे. रिमोट दोन्ही हातांनी धरून ठेवायचा ही सवय लावली की पकडायला हात मोकळाच राहत नाही. पंख्याची जोडी काही शे रुपयांत मिळते. भरतकाम करणाऱ्याचे, शिलाई करणाऱ्याचे किंवा कॅमेऱ्याचे बटण दाबणाऱ्याचे बोट बाजारात मिळत नाही.

हवेत असतानाचे धोके वेगळे आहेत. लग्नाच्या ठिकाणी सर्वांत वाईट शत्रू म्हणजे रोषणाईच्या माळा, मंडपाच्या झालरी आणि दोऱ्या. त्या ड्रोनला दिसत नाहीत. समोर डोळे असलेल्या महागड्या ड्रोनलाही बारीक तार बहुधा कळत नाही. संक्रांतीच्या दिवसांत मांजाचेही तेच. मंडपाच्या आत आणि हॉलमध्ये उपग्रहाचा सिग्नल नीट मिळत नाही, ड्रोन आपली जागा धरून ठेवू शकत नाही आणि हळूच भिंतीकडे किंवा छताच्या पंख्याकडे सरकतो. आत उडवण्याचा आग्रह ग्राहकाने धरला तर आमचा सल्ला नकाराचा आहे. नाहीच म्हणता आले नाही तर छोटा, गार्ड लावलेला ड्रोन वापरावा. गार्ड बाजूने लागणारा धक्का वाचवतो, पण वरून-खालून ओढणीचे टोक किंवा मुलाचे बोट आत जाऊ शकते. तेव्हा गार्ड आहे म्हणून पाहुण्यांच्या डोक्यावरून न्यावा असे नाही.

सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की ड्रोन स्वतःहून निघालेल्या जागी परततो, ही सोय चांगली आहे. पण परतीची उंची आपणच ठरवून द्यायची असते. आसपासची पाण्याची टाकी, मिनार, मोबाईलचा टॉवर यांच्यापेक्षा ती जास्त हवी. आणि तो परतेल तो निघालेल्या जागीच, तिथे आता जेवणाची पंगत बसली आहे हे त्याला माहीत नाही. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की खाली आणण्याचा नियम पाळला तर ही वेळ येत नाही. आमच्या त्या तरुणाने "एक शॉट आणखी" म्हणून शेवटची तीन मिनिटे वाढवली होती.

पंख्याची तपासणी दोन मिनिटांची आहे. प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवावे. खाच असेल तर नख अडकते. पाते हलकेच वाकवून मुळाशी, स्क्रूजवळ, पांढरी रेघ दिसते का ते पाहावे. दिसली तर ते पाते बाद. चिकटपट्टी किंवा गोंद लावून पंखा वापरणे म्हणजे आफत ओढवून घेणे. एका मोटारीवरची दोन्ही पाती एकदमच बदलावीत, नाहीतर वजन असमान होते, मोटार थरथरते आणि चित्रातही लहरी येतात. चार पंख्यांपैकी दोन सरळ फिरतात आणि दोन उलटे. बरेच बनवणारे त्यासाठी खूण करून देतात, ती मोटारीवरच्या खुणेशी जुळवावी. चुकीचा पंखा बसला तर ड्रोन उडण्याऐवजी जागच्या जागी उलटतो आणि पाती जमिनीवर आपटून तुकडे उडतात.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसाठी एकच गोष्ट, पण ती दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. टेबलावर बॅटरी जोडण्याआधी चारही पंखे काढावेत. मोटार बदलली, तार सोल्डर केली, संगणकाला जोडून सॉफ्टवेअर भरले, की मोटार फिरते का हे पाहायचेच असते. अशा वेळी रिमोटची एखादी स्टिक वर राहिलेली असली किंवा सॉफ्टवेअरने चुकीचा हुकूम दिला तर ड्रोन टेबलावरून थेट समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. मोटारीची तपासणी पंख्याशिवाय पूर्ण होते. पंखे लावून तपासणी करायची ती मैदानावर, लांब उभे राहून. उस्तादाने हे स्वतः पाळले तरच शागीर्द पाळतील. घाईच्या दिवसांत "दोनच मिनिटांचे काम आहे" म्हणून पंखे न काढणारा बहुधा उस्तादच असतो.

फवारणीच्या ड्रोनची गोष्टच निराळी. त्याचे पंखे दोन फुटांहून मोठे असतात आणि टाकी भरल्यावर वजन एका माणसाला पेलत नाही. त्याच्यापासून पन्नास-साठ फूट लांब राहावे. औषध भरताना आणि बॅटरी बदलताना रिमोट चालकाच्याच हाती असावा. मदतनिसाने जवळ जाण्याआधी मोटारी बंद असल्याचे चालकाने तोंडाने सांगावे.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात छातीच्या वर धरावा. हळद, तंबाखू, कॉफीची पूड काही लावू नये. डॉक्टरांना तेच आधी धुवावे लागते. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात ठेवू नये. डोळ्याला लागले तर चोळू नये, दाबू नये, धुऊही नये. वर कागदी पेला उलटा ठेवून रुग्णालय गाठावे. बोट हलते आहे म्हणून शीर शाबूत आहे असे समजू नये, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

कायद्याचे थोडक्यात. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा असेल तर लागते, आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही लागतो. अपघात झाल्यास ४८ तासांत कळवायचे असते. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घालण्यात आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेची कामे तेवढी तीतून वगळली. तरी बाजारात बिनपावतीची मशिने मिळतात. स्वस्त पडते म्हणून ती घेणाऱ्याने एवढा विचार करावा की उद्या कोणाच्या मुलाला इजा झाली तर अशा मशीनवर विमा मिळालेला नसेल आणि भरपाई आपल्याच गल्ल्यातून द्यावी लागेल.

राहिला प्रश्न दुसऱ्या माणसाच्या मजुरीचा. ती आपल्या नफ्यातून काढू नये. दर सांगतानाच ग्राहकाला सांगावे की ड्रोनबरोबर दोन माणसे येतील, उतरण्यासाठी मोकळी जागा लागेल आणि बॅटरी ३० टक्क्यांवर आली की काम थांबेल. हे तिन्ही मुद्दे पावतीवर लिहून घ्यावेत. तो तरुण आता तसेच करतो. त्याच्या पावतीवरील या ओळी पाहून दोन ग्राहक परत गेले, असे त्याने आम्हाला सांगितले. बाकीच्यांनी मजुरी दिली.