गरम झाल्यावर गाडी स्टार्ट घेत नाही? पंप काढायच्या आधी हे विचारा

या आठवड्याच्या व्हिडिओखाली गॅरेजवाल्या मित्रांनी एकच मागणी केली होती, की मीटर कुठे लावला, आकडे किती आले ते लिहून द्या. व्हिडिओ पुन्हापुन्हा थांबवून बघायला हातात ग्रीस असताना जमत नाही, हे मान्य. म्हणून आज फक्त तीच केस.

गिऱ्हाईक कराडच्या एक ताई. डबे पोचवायचा व्यवसाय. गाडी 2005 च्या सुमाराची छोटी पेट्रोल हॅचबॅक, इंजेक्शनवाली. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये उचलते. पण तीन-चार ठिकाणी डबे देऊन झाले की सेल्फ नुसता फिरतो, गाडी काही उचलत नाही. मागे भात-आमटी गार होतेय आणि ताई बॉनेट उघडून रस्त्यात उभ्या. आधीच्या गॅरेजने बॅटरी आणि प्लग बदलले होते. मग गाडी माझ्या बॅचमधल्या एका मित्राकडे आली. त्याने फ्युएल पंप बदलला. साडेचार हजार रुपये. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन, "दादा, तसंच होतंय."

इथे त्याने मला फोन केला. मी पहिला प्रश्न विचारला, "गाडी बंद करून लगेच दोन मिनिटांत मारली तर काय होतं?" त्याला माहीत नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं!

हा प्रश्न का, ते नीट समजून घ्या. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, आणि पुढची वीस-तीस मिनिटं बॉनेटखालची उष्णता कमी व्हायच्या ऐवजी वाढते. रेलमध्ये पेट्रोलचं प्रेशर टिकून असेल तर त्याची वाफ होत नाही. प्रेशर गळालं तर वाफ होते, आणि सेल्फ मारल्यावर इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी वाफ निघते. म्हणून प्रेशर गळणारी गाडी लगेच मारली तर बहुतेक वेळा उचलते, पण वीस मिनिटांनी त्रास देते. अशा गाडीची घरगुती परीक्षा सोपी आहे. सेल्फ न मारता चावी ऑन करा, दोन सेकंद पंपाचा आवाज येऊ द्या, ऑफ करा, असं तीनदा. मग सेल्फ. पटकन उचलली तर प्रेशर गळतंय.

याच्या उलट, लगेच मारली तरी तोच त्रास असेल तर पेट्रोल कमी नाही, जास्त पडत असण्याची शंका घ्यायची. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूमध्ये असं केलं की इंजेक्टर बंद ठेवायची सोय असते. गाडी खोकत, काळा धूर सोडत उचलली तर ती पेट्रोलने बुडालेली होती.

तिसरी शक्यता करंटची. सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नाही आणि प्लगला ठिणगीही नाही, तर क्रँक सेन्सर गरम होऊन मरतोय का बघा. त्यावर ओलं फडकं ठेवून गार केला आणि गाडी उचलली, तर चोर सापडला. (आरपीएम काटा नसलेल्या गाडीत थेट ठिणगीच बघावी लागेल.) आणि सेल्फच जड फिरत असेल तर हा सगळा अभ्यास बाजूला ठेवा, सेल्फ मोटर आणि तिच्या केबल बघा.

आता ताईंची गाडी. मित्राने फोन करून विचारलं. उत्तर आलं, "लगेच मारली तरी नाही उचलत. आणि हो, पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेजपण पडलंय. मी पहिल्या दिवशीच बोलले होते." बोलल्या होत्या. जॉब कार्डवर मात्र लिहिलं होतं "स्टार्टिंग प्रॉब्लेम". दोन शब्द.

गाडी बोलावली, आणि थंड होऊ दिली नाही. हे महत्त्वाचं आहे. गरम गाडीचा दोष गरम असतानाच दिसतो. रात्रभर लावून ठेवलेल्या गाडीत तुम्ही काय शोधणार? आधी रेलला गेज लावला. प्रेशर 3 बारच्या आसपास, इंजिन बंद केल्यावर वीस मिनिटं जवळपास तसंच. म्हणजे पंप, रेग्युलेटर, इंजेक्टर तिघेही सुटले. (गेज लावताना आधी प्रेशर उतरवा, खाली फडकं धरा, आणि शेजारच्या बिडीवाल्याला बाहेर काढा.) मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारला. काळा धूर, आणि उचलली.

गरम इंजिनात कोण जास्त पेट्रोल मागतंय? ज्याला इंजिन थंड वाटतंय तो ईसीयू. डॅशबोर्डवर टेम्परेचरचा काटा तर बरोबर मध्यावर होता. पण अनेक जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो, त्यामुळे काट्यावर विश्वास ठेवून चालत नाही. मल्टिमीटर लावला. गरम इंजिनावर सेन्सरच्या पिनांवर 310 ओहम. उत्तम, अशा सेन्सरचा 80 अंशांना आकडा साधारण तेवढाच असतो. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडून ईसीयूचा सॉकेट काढला आणि त्याच दोन वायरींवर मोजलं, तर 5,600 ओहम. एवढा आकडा म्हणजे ईसीयूच्या हिशोबाने बाहेर शून्य अंश. एप्रिल महिन्यात, कराडात!

दोष सेन्सरच्या सॉकेटात. आतली पिन हिरवी पडली होती. नवीन टर्मिनल दाबून बसवलं, पुन्हा मोजलं, दोन्हीकडे आकडा सारखा. मोजलं नसतं तर मित्राने सेन्सर बदलला असता, सॉकेट हलल्यामुळे गाडी चार दिवस चाललीही असती, आणि मग पुन्हा फोन.

आता धंद्याचा प्रश्न, जो मित्राने मला हळूच विचारला. "सर, पार्ट तर वीस रुपयांचा. बिल कशाचं लावू?"

तपासणीचं लावायचं. दीड तास, गेज, मीटर आणि तुमचं डोकं. आपल्याकडे गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देतं, शोधण्याचे देत नाही, ही तक्रार मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. पण आपणच पार्टात मजुरी लपवतो, मग त्याला सवय कशी लागणार? गाडी घेतानाच सांगा, "तपासणीचे आठशे. दोष सापडला नाही तर घेणार नाही." आणि बिलावर आकडे लिहून द्या, 310 आणि 5,600. ताईंना ओहम कळत नाहीत, पण मोजलेलं आहे हे कळतं.

या केसमध्ये मात्र आठशे घ्यायला मी मनाई केली. न लागणारा पंप त्याने विकला होता. जुना पंप भंगारात गेला नसता तर परत बसवून पूर्ण पैसे देता आले असते. तो गेला होता, म्हणून पंपाची मजुरी परत केली आणि तपासणी फुकट धरली. त्याला ते लागलं, साहजिक आहे. तेव्हापासून काढलेला पार्ट तो पिशवीत घालून, गाडीचा नंबर लिहून महिनाभर ठेवतो.

त्याच्या जॉब कार्डावर आता चार ओळी जास्त छापल्या आहेत: थंड असताना कशी उचलते, लगेच मारली तर, वीस मिनिटांनी मारली तर, आणि वास किंवा अ‍ॅव्हरेजमध्ये फरक. छापायला द्यायचा नमुना व्हिडिओच्या खाली टाकलाय. पुढच्या भागात गेज लावल्यावर प्रेशर गळताना दिसलं, तर कुठला पाइप दाबून पंप, रेग्युलेटर आणि इंजेक्टर वेगळे काढायचे ते बघू. तोपर्यंत प्लॅस्टिकचा पाइप चिमट्याने दाबू नका, तो फुटतो.