मीठ चाखून, सही वाचून

चिमे, आठ मार्चला तुझ्या ऑफिसात 'आजची स्त्री' या विषयावर पाच मिनिटं बोलायचंय, म्हणून आत्याकडून मुद्दे हवेत म्हणालीस. फोनवर तर 'मॉडर्न लेडी' म्हणालीस. आपल्या बुलढाण्याच्या स्टँडवर लेडीज म्हणजे सीट, आणि लेडी म्हणजे डॉक्टर. बाकी आम्ही सगळ्या बायाच. तरी लिहिते. टाळ्या पडतील असं यात काही नाही. यातल्या निम्म्या चुका माझ्या आहेत, उरलेल्या तुझ्या आजीच्या.

१. कागद पुढे आला की आधी पाणी पी, मग वाच, मग सही कर — मीठ चाखून वाढवावं, सही वाचून ठोकावी.

२. 'वारसाची नोंद आहे, घाई आहे' असं कुणी म्हणालं तर कागदाच्या डोक्यावरचं नाव आधी बघ — माझ्या कागदावर 'हक्कसोड पत्र' लिहिलेलं होतं आणि मी चष्मा घरी विसरले होते. दोन एकर गेली. त्या साली भाऊबीजेला पैठणी आली. एवढी महाग पैठणी आख्ख्या तालुक्यात कुणी नेसली नसेल. तुझा बाप वाईट नाही गं, त्यालाही वाटलं हीच रीत. म्हणून तर सांगते, रीत चांगल्या माणसांच्या हातूनच चालते.

३. लेकीचा वाटा हा मागणीचा विषय नाही, माहितीचा आहे — महाराष्ट्रानं १९९४ साली तसा कायदा केला, पण आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर हिंदू घरातल्या लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत लेकाइतकाच हक्क आला, लग्न झालेलं असो की नसो. पुढं सोडायचा असेल तर खुशाल सोड. पण काय सोडतेय ते माहीत असू दे.

४. वर्षातून एकदा सातबारा आणि आठ-अ काढून बघ, आता मोबाइलवरही दिसतो — न बघितलेल्या वावरात दुसऱ्याचंच पीक डोलतं.

५. तुझं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगनं एकच ठेव — मी शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरी, आणि बँकेत 'बेबीबाई'. स्वतःचेच पैसे काढायला तिघींना एकत्र बोलवायची वेळ आली होती. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदललंस तर आधार, पॅन, पासबुक एका दमात बदल. आणि १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर त्याच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग बापाचं. आम्हाला हे ऐकायला तुमची पिढी यावी लागली.

६. नाही म्हणताना कारण एकच दे, शक्य तर तेही देऊ नकोस — दुसरं कारण दिलं की समोरचा पहिलं खोडायला बसतो.

आता जरा थांब. भाषणात कुणाचं नाव घ्यायचंच असेल तर परदेशातल्या बायका शोधू नकोस, आपल्या गावातलीच घे. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत नोकरीला, सत्यशोधक समाजातले. त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी घरीच शिकवलं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला, फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण 'पुणे वैभव'सारख्या पत्रांना निमित्त मिळालं, सगळ्या बायकांचीच जात वाईट म्हणून. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. छोटंसं पुस्तक, पाचशे प्रती, पुण्यात छापलेलं. त्यात त्यांनी एकच काम केलं: बाईच्या माथी मारलेला एकेक दोष उचलला आणि तोच पुरुषाच्या अंगाला लावून दाखवला. लोक खवळले. जोतीबा फुल्यांनी बाजू घेतली, पण बाईंनी पुन्हा काही छापलेलं सापडत नाही. नव्वद-एक वर्षं पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशांनी पुन्हा लोकांपुढं आणलं. मी बुलढाण्यातच वाढले, बुलढाण्यातच शिकले, आणि मला हे नाव पन्नाशीनंतर कळलं. असो. पुढचे दोन मुद्दे त्यांच्याकडून उसने.

७. तुला लावलेला नियम भावालाही लावून बघ — दोघांना बसला तर तो शिस्त, एकालाच बसला तर तो दावं. 'सातच्या आत घरात' तुझ्या भावाला लावून बघितलं मी एकदा, दोन दिवस जेवला नाही.

८. चारचौघी 'ती तसली आहे' म्हणाल्या की हळूच विचार, 'आणि तो कसला?' — एवढ्यानं विषय भाजीच्या भावावर येतो.

९. गरम भाकर सगळ्यांबरोबर बसून खा, शेवटची पाळी घेऊ नकोस — शेवटी जेवणारीच्या ताटात करपलेली भाकर आणि रक्तात पांढरेपणा. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घे; माझं सात निघालं तेव्हा मी दमलेली नाही, आळशी आहे असंच सगळे समजत होते. मी पण.

१०. प्रवासात पाणी पी आणि संडास कुठे आहे हे मोठ्यानं विचार — लाजेपायी पाणी न पिता बुलढाण्याहून पुण्याला जायचे मी, आणि उतरले की उन्हाळी लागायची. डॉक्टरीण म्हणाली, 'लाज औषधानं बरी होत नाही.'

११. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तर उरलेल्या अर्ध्यात माहेरच्या फेऱ्या वाढव — पण लेडीज सीटवर बसलीस आणि समोर थकलेलं म्हातारं माणूस उभं असलं तर उठ. सीट बाईची, माणुसकी सगळ्यांची.

१२. घरातला पैसा कुठून येतो, कुठे जातो, कर्ज किती, विम्याचा कागद कुठल्या डब्यात, हे नवऱ्याच्या बरोबरीनं माहीत ठेव, आणि स्वतःचं एक खातं वेगळं ठेव — सिंदखेडराजाला बारा जानेवारीला जाऊन आपण जिजाऊंना हार घालतो, पण चित्रात त्या नेहमी शिवबाला गोष्टी सांगताना. १६६६ साली महाराज आग्र्यात अडकले तेव्हा मागं राज्य कुणी सांभाळलं? गोष्ट सांगणारीला हिशेबही येत होता, चिमे.

१३. ओटीपी कुणालाही सांगू नकोस, भाच्याचा आवाज काढून कुणी फोन केला तरी. फसलीसच तर लाजत बसू नकोस, लगेच १९३० लाव — पैसा वाहत्या पाण्यासारखा, बांध पहिल्या तासातच घालावा लागतो. अंगावर बेतलं तर ११२.

१४. घरात धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईला तिच्या नावानं हाक मार, आणि पगार तारखेला दे — आपण हक्काच्या गप्पा मारतो त्या ओट्याच्या अलीकडं बसून, ती पलीकडं उभी राहून ऐकत असते.

१५. साडी नेस, जीन्स घाल, टिकली लाव, लावू नकोस. याला कारण नाही.

१६. सुनेला, जावेला, नव्या बॉसला शिकवायला जाऊ नकोस, विचारलं तरच सांग — (हे मी आत्ता पंधरा मुद्दे लिहून झाल्यावर तुला सांगते आहे, त्याबद्दल गप्प बस.)

ताराबाईंच्या पुस्तकाची माझी प्रत तुझ्या बापाबरोबर पाठवते. वांगी पण आहेत पिशवीत, भरताची. ती आधी काढ, पुस्तकाला डाग पडेल. पुस्तक वाचून परत आण. पहिल्या पानावर माझं नाव लिहिलंय, पूर्ण, बेबीबाई नाही.