गाणारा आणि ऐकणारा

शाळेच्या स्नेहसंमेलनात तुमच्यापैकी अनेकजण गाणे म्हणतात. गाणे पाठ असते, सूरही बरा लागतो. तरीही समोरची मुले आपापसांत बोलू लागतात. असे का होते? कव्वालीची मैफल पाहिली, म्हणजे याचे उत्तर मिळते.

कव्वालीत मुख्य कव्वालाबरोबर साथीदार असतात. त्यांना 'हमनवा' म्हणतात. कोणी पेटी वाजवतो, कोणी ढोलक. बाकीचे टाळ्यांचा ठेका धरतात आणि ओळी पुन्हा म्हणतात. मुख्य कव्वालाची नजर मात्र श्रोत्यांवर असते. एखाद्या ओळीवर कोणी मान डोलावली, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, की तो ती ओळ सोडून पुढे जात नाही. तीच ओळ तो पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या सुरांत गातो. कधी मध्येच दुसरा शेर जोडून तिचा अर्थ खुलवतो. यालाच 'गिरह लावणे' म्हणतात. म्हणजे मैफल कशी पुढे न्यायची, हे श्रोतेही ठरवतात.

पाकिस्तानचे प्रसिद्ध कव्वाल नुसरत फतेह अली खान १९८५ साली इंग्लंडमधील वोमॅड महोत्सवात गायिले. बहुतेक श्रोत्यांना त्यांची भाषा येत नव्हती. तरी गाण्याची लय आणि टाळ्यांचा ठेका त्यांच्यापर्यंत पोहोचला व ते रंगून गेले.

तेव्हा यापुढे गाताना मान खाली घालू नका. समोर पाहा. ऐकणाऱ्यांना आवडलेली ओळ पुन्हा म्हणा. त्यांच्याकडे लक्ष द्या, म्हणजे तेही तुमच्याकडे लक्ष देतील.

स्वाध्याय
१. 'गिरह लावणे' म्हणजे काय?
२. कव्वाल एकच ओळ पुन्हा पुन्हा का गातो?